शेतीचे उच्च शिक्षण व संशोधन : शेतकऱ्यास त्याचा उपयोग कोणता?

बारावीचा निकाल लागला म्हणजे कृष्णा-वारणेच्या काठावरील आणि माण-खटावच्या माळावरील अनेक घरांत एकच विचार सुरू होतो. मुलाने अथवा मुलीने पुढे काय शिकावे? शेतीचेच शिक्षण घ्यावे असे कोणी सुचविले, तर घरातील वडीलधारी मंडळी सहज विचारतात, "शेती करायला कॉलेज कशाला लागतं?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चार वर्षांचा काळ, वसतिगृहाचा खर्च आणि घरच्या शेतीतील दोन हात कमी होणे, एवढी किंमत कुटुंबाला मोजावी लागते. ती मोजून पदरात काय पडते, हे आधी समजून घेण्याचा शेतकऱ्यास पूर्ण हक्क आहे. आणि ते समजावून सांगणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे. यास्तव कृषी विद्यापीठात काय शिकवितात, संशोधन म्हणजे नेमके काय करतात आणि त्याचा सातारा-सांगली भागातील शिवाराशी संबंध कसा येतो, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

उपयोजित शास्त्र म्हणजे काय?

झाडाचे मूळ पाणी कसे शोषते, हे शोधून काढणे हे मूलभूत शास्त्राचे काम होय. वाळवे तालुक्यातील भारी काळ्या जमिनीत आडसाली उसाला किती दिवसांच्या अंतराने व किती पाणी द्यावे, हे ठरविणे हे उपयोजित शास्त्राचे काम होय. पहिल्यावाचून दुसरे उभे राहत नाही. आणि दुसऱ्यावाचून पहिल्याचा शेतकऱ्यास उपयोग होत नाही. अशा उपयोजित ज्ञानासाठी स्वतंत्र विद्यापीठे असावीत हा विचार जगात निरनिराळ्या वेळी पुढे आला. अमेरिकेत १८६२ साली कायदा होऊन राज्यांना जमिनी देण्यात आल्या व त्यांच्या उत्पन्नातून शेती आणि यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये निघाली. जर्मनीतील राज्यांनी १९६८ साली आपसांत करार करून कामधंद्याशी जोडलेल्या उच्च शिक्षणाच्या संस्था स्थापन करण्याचे ठरविले. त्या आज उपयोजित विज्ञानाची विद्यापीठे या नावाने ओळखल्या जातात.

आपल्याकडे राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्ये ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. देशातील पहिले कृषी विद्यापीठ १९६० साली पंतनगर येथे निघाले. महाराष्ट्राचे कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले आणि १९७२ पर्यंत राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशी चार विद्यापीठे झाली. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. या विद्यापीठावर तीन कामे सोपविलेली आहेत : शिक्षण, संशोधन आणि विस्तार. शिकविणारा प्राध्यापक, प्रयोग करणारा शास्त्रज्ञ आणि शेतकऱ्यास सल्ला देणारा तज्ज्ञ हे एकाच संस्थेत असावेत, म्हणजे शिवारातील अडचण प्रयोगशाळेपर्यंत आणि प्रयोगशाळेतील उत्तर शिवारापर्यंत लवकर पोहोचेल, असा यामागील हेतू आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांतील संशोधनाची ठिकाणे

विद्यापीठ म्हटले की राहुरी अथवा पुणे डोळ्यांपुढे येते. परंतु संशोधनाची ठिकाणे आपल्या अगदी जवळ आहेत. फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे १९३२ साली ऊस संशोधनास आरंभ झाला. आजचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र ते हेच. नीरा कालव्याच्या भागात ऊस वाढत होता आणि त्याचबरोबर जमिनी पाणथळ होण्याची भीतीही वाढत होती, म्हणून या केंद्रात आरंभापासून उसाच्या जातींबरोबर जमिनीचाही अभ्यास झाला. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रात हळद आणि क्षारपड जमिनीची सुधारणा या विषयांवर काम चालते. हळदीचा 'फुले स्वरूपा' हा वाण याच केंद्राने दिला. महाबळेश्वर येथे गव्हाच्या गेरवा रोगाचा अभ्यास करणारे केंद्र आहे. गव्हाचे पीक फारसे नाही अशा डोंगरावर हे केंद्र का, असे कोणासही वाटेल. तेथील थंड हवा गेरव्यास मानवते. म्हणून रोगाचे प्रकार तेथे जतन करता येतात आणि नव्या वाणांवर मुद्दाम रोग सोडून त्यांची परीक्षा घेता येते. जो वाण तेथे टिकतो, त्याच्यावर मैदानातील शेतकऱ्याने भरवसा ठेवावा.

शिक्षणासाठी कराड येथे विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय आहे, तर साताऱ्याजवळ बोरगाव येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. विद्यापीठाबाहेरही संशोधन होऊ शकते, याचे उदाहरण म्हणजे बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली फलटण येथे स्थापन केलेली निंबकर कृषी संशोधन संस्था. बिनकाटेरी करडईचे वाण आणि एका वेतात दोन कोकरे देणारी 'नारी सुवर्णा' मेंढी ही या संस्थेची कामे मेंढपाळ व जिरायत शेतकरी यांच्या परिचयाची आहेत. दख्खनी मेंढीत बंगालमधील गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण संकराने आणून ही मेंढी तयार करण्यात आली.

एका जातीमागील वर्षे

संशोधन म्हणजे काय हे पाहण्यासाठी उसाचेच उदाहरण घेऊ. शेतकरी उसाची लागण टिपरीने करतो. टिपरीपासून आलेला ऊस मूळ उसासारखाच निघतो; त्यामुळे टिपरीतून नवी जात मिळत नाही. नवी जात हवी असेल, तर उसाला तुरा यावा लागतो, दोन जातींचा संकर करावा लागतो आणि त्याच्या बारीक बियांपासून रोपे करावी लागतात. आपल्या हवेत तुरा आला तरी जोमदार बी धरत नाही. म्हणून संकराचे काम मुख्यत्वे कोइमतूर येथे होते. तेथे १९१२ साली ऊस पैदास संस्था स्थापन झाली. तेथून बी आणून पाडेगावसारख्या केंद्रांत रोपे वाढवितात.

प्रत्येक रोप गुणाने निराळे असते. एखादे उंच, पण पोकळ; एखादे गोड, पण लोळणारे; एखादे जाड, पण रोगाला बळी पडणारे. हजारो रोपांतून थोडी निवडतात, त्यांची टिपरीने वाढ करतात, पुन्हा निवडतात. मग निरनिराळ्या ठिकाणी, सुरू, पूर्वहंगामी व आडसाली अशा तिन्ही हंगामांत त्यांची तुलना प्रचलित जातीशी होते. एवढ्यावर काम संपत नाही; त्याच उसाचा खोडवा कसा येतो हेही पाहावे लागते. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांचा, त्यावर खोडव्याचे वर्ष. म्हणजे एका चाचणीलाच अडीच-तीन वर्षे जातात.

शेतकऱ्याच्या तोंडी असलेल्या नावांतही हा काळ दडलेला आहे. 'को ८६०३२' या जातीतील पहिले दोन आकडे १९८६ हे क्रमांक मिळाल्याचे वर्ष दाखवितात. महाराष्ट्रात तिची शिफारस १९९६ साली झाली. म्हणजे क्रमांक मिळाल्यानंतरही दहा वर्षे तिची परीक्षा चालू होती आणि संकराचे वर्ष त्याच्याही आधीचे. त्यापूर्वी १९५६ साली आलेली 'को ७४०', पुढे २००७ साली आलेली 'कोएम ०२६५' म्हणजेच 'फुले २६५', या जातींच्या मागेही असेच दीर्घ परिश्रम आहेत. शेजाऱ्याने दुरून आणलेले अनोळखी बेणे एका हंगामात चांगले दिसले म्हणून सगळे रान त्याखाली आणणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

तथापि निवड करण्याची नजर केवळ शास्त्रज्ञालाच असते असे नव्हे. तासगाव तालुक्यातील बोरगावचे द्राक्ष-बागायतदार वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेस द्राक्षाच्या बागेतून निवडलेला 'तास-ए-गणेश' हा वाण महाराष्ट्रभर पसरला. बागेत रोज फिरणाऱ्या माणसास एखादी वेल निराळी दिसते आणि तो तिची वेगळी नोंद ठेवतो, तेव्हा तोही संशोधनच करीत असतो. विद्यापीठातील शिक्षणाने या नजरेला मोजमापाची जोड मिळते.

तुलना खरी कशी करावी?

मोजमापाची ही रीत शिक्षणातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. समजा, एका शेतकऱ्याने बांधाकडील वरच्या भागात 'अ' जातीचा ऊस लावला आणि ओढ्याकडील खालच्या भागात 'ब' जातीचा. 'अ'चे उत्पन्न गुंठ्यास ८०० किलो आले, 'ब'चे ९००. तो म्हणेल, 'ब' जात चांगली. परंतु खालच्या भागात माती खोल आहे व ओल अधिक टिकते. मग हे १०० किलो जातीचे, की जमिनीचे?

याचे उत्तर मिळविण्यासाठी उतारावर आडवे चार पट्टे पाडावेत. प्रत्येक पट्ट्यात दोन सारखे तुकडे करावेत आणि कोणत्या तुकड्यात कोणती जात लावायची हे चिठ्ठी टाकून ठरवावे, म्हणजे आपल्या आवडीनिवडीचा परिणाम होणार नाही. खत, पाणी, मशागत दोहोंस सारखी द्यावी. काढणीच्या वेळी आठही तुकड्यांचे वजन स्वतंत्र करावे. 'ब' चारही पट्ट्यांत पुढे राहिली, तर तिच्या गुणाबद्दल विश्वास धरता येईल. दोन पट्ट्यांत पुढे व दोहोंत मागे राहिली, तर आधी दिसलेला फरक जातीचा नव्हता असे समजावे. याच पद्धतीस यादृच्छिक गट रचना म्हणतात. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९१९ नंतरच्या काळात तिचा पाया घातला.

या शास्त्रात साताऱ्याचाही वाटा आहे. खटाव तालुक्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला संख्याशास्त्र शिकून आले आणि दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज पूर्वी नजरेने बांधीत. त्याऐवजी चिठ्ठीच्या पद्धतीने शेत व शेतातील तुकडा निवडून तेवढेच पीक कापावे व तोलावे, अशी शास्त्रशुद्ध पाहणी देशात रुजविण्यात सुखात्मे व वि. गो. पानसे यांचा मोठा हात होता. शेती संशोधकांसाठी या दोघांनी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला. सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. आज पीक कापणी प्रयोगासाठी शेतात दोरी धरणारा कार्यकर्ता त्यांच्याच मार्गाने चालत असतो. तुकडा आपल्या सोयीने, चांगल्या अथवा वाईट पिकात धरला, तर सर्व आकडेवारी खोटी ठरते व तिच्यावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याचे नुकसान होते, हे त्याने विसरू नये.

लोकरी माव्याचा धडा

संशोधनाचा संकटकाळी काय उपयोग होतो, याचे उदाहरण सांगली जिल्ह्याने स्वतः अनुभवले आहे. २००२ च्या पावसाळ्यात येथील उसावर लोकरी माव्याचा मोठा उपद्रव झाला. पानांच्या खालच्या बाजूस कापसासारखा पांढरा थर, वरच्या बाजूस चिकट द्रव आणि त्यावर वाढलेली काळी बुरशी, असे दृश्य फडाफडांत दिसू लागले. पुढे हा मावा पश्चिम महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात पसरला. शेतकरी घाबरून गेले. उंच, लोळलेल्या उसात शिरून फवारणी करणे कठीण होते. शिवाय पानाखाली दडलेल्या माव्यापर्यंत औषध पुरते पोहोचत नसे.

कीटकशास्त्रज्ञांनी फडात बसून पाहणी केली, तेव्हा माव्याबरोबर त्याला खाणारे कीटकही वाढत असल्याचे आढळले. डिफा नावाच्या पतंगाची अळी माव्याच्या पुंजक्यात राहून त्याचा फडशा पाडते. मायक्रोमस या कीटकाच्या अळ्या आणि प्रौढ दोन्ही मावा खातात. आता खरा प्रश्न पुढे आला. औषध फवारले तर मावा काही अंशी मरतो, परंतु हे मित्रकीटकही मरतात. आणि उरलेला मावा पुन्हा झपाट्याने वाढतो. म्हणून जेथे मित्रकीटक दिसतात तेथे फवारणी करू नये, जेथे ते विपुल आहेत तेथून पानांसह गोळा करून नव्या फडांत सोडावेत, असे धोरण ठरले. हेक्टरी डिफाच्या १,००० अळ्या अथवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्या सोडण्याची शिफारस करण्यात आली. संशोधन संस्था, साखर कारखाने व शेतकरी यांनी मिळून हे काम केले आणि काही वर्षांत माव्याचा जोर ओसरला.

या घटनेत अभ्यासाचा उपयोग कोठे झाला, हे नीट पाहावे. शत्रू कोणता व मित्र कोणता हे ओळखता आले, दोघांचे जीवनचक्र समजले आणि कधी हात आवरावा हे कळले. फवारणीचा निर्णय कोणासही घेता येतो. फवारणी न करण्याचा निर्णय घेण्यास ज्ञान लागते.

पांढरी पडलेली जमीन

मिरज, पलूस, वाळवे या तालुक्यांत कृष्णाकाठच्या कित्येक जमिनी क्षारपड झाल्या आहेत. आजोबांनी सोन्यासारखी म्हणून सांभाळलेली जमीन नातवाच्या हातात पांढरी पडते, याहून मोठे दुःख शेतकऱ्यास नाही. भारी काळी माती, वर्षानुवर्षे एकच ऊस, मोकाट पाणी आणि निचऱ्याचा अभाव ही त्याची प्रमुख कारणे आहेत. जमिनीतील पाण्याची पातळी वर चढते, पाण्याबरोबर क्षार वर येतात, पाणी उडून जाते व क्षार मागे राहतात.

अशा वेळी अनेक शेतकरी ऐकीव माहितीवर जिप्समच्या गोणी आणून टाकतात. परंतु सगळ्या बिघडलेल्या जमिनी एकाच प्रकारच्या नसतात. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार अधिक असतात व सामू बहुधा ८.५ च्या आत असतो. वाळल्यावर तिच्यावर पांढरा थर येतो. तिला मुख्यतः निचरा आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे हा उपाय आहे. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो, सामू ८.५ च्या वर जातो, पाणी मुरत नाही, आणि वाळल्यावर ती दगडासारखी कठीण होते. तेथे जिप्सम उपयोगी पडते, पण तेही निचरा असेल तरच. खारवट-चोपण हा तिसरा प्रकार या दोहोंच्या मिश्रणाचा. माती तपासल्यावाचून उपाय करणे म्हणजे रोग न ओळखता औषध घेणे होय. त्यात पैसा जातो आणि त्याहून अधिक मोलाचा वेळ जातो.

जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून निचरा करण्याच्या पद्धतीवर कसबे डिग्रज केंद्राने काम केले आहे. ही पद्धत परिणामकारक आहे; परंतु नळ्यांतून आलेले पाणी पुढे नेण्यास ओढा अथवा चर लागतो व तो बहुधा दुसऱ्याच्या रानातून जातो. म्हणजे मातीचे उत्तर शास्त्राने दिले, तरी अंमलबजावणीस सगळ्या शिवाराची एकजूट लागते. येथे शिकलेला तरुण आणि गावातील कार्यकर्ता यांनी हातात हात घालून काम केले पाहिजे.

शिक्षणाचा क्रम

शेतीचे शिक्षण तीन पायऱ्यांवर मिळते. दहावीनंतर कृषी तंत्र विद्यालयांतून पदविका अभ्यासक्रम घेता येतो. ज्यास लवकर घरच्या शेतीकडे वळावयाचे आहे, त्यास तो सोयीचा आहे. विज्ञान शाखेतून बारावी झाल्यावर प्रवेश परीक्षेच्या गुणांवर कृषी पदवीस प्रवेश मिळतो. हा अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा आहे. त्यात कृषिविद्या, मृदाशास्त्र, वनस्पती पैदासशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, उद्यानविद्या, पशुसंवर्धन, कृषी अभियांत्रिकी, कृषी अर्थशास्त्र आणि विस्तार शिक्षण हे विषय येतात. त्यापुढे साधारण दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी व त्यानंतर आचार्य पदवी असते. या दोन्हींत विद्यार्थ्यास एक समस्या निवडून तिच्यावर स्वतः प्रयोग करावा लागतो व प्रबंध लिहावा लागतो.

प्रवेशाचे नियम, शुल्क व सवलती वेळोवेळी बदलतात. म्हणून त्या वर्षाची अधिकृत माहितीपुस्तिका पाहूनच अर्ज करावा. एक अडचण मात्र आधीच सांगितली पाहिजे. पदवीचे शिक्षण इंग्रजीतून असते. मराठी शाळेतून गेलेल्या मुलास पहिले वर्ष जड जाते. मात्र पीक, माती, कीड या वस्तू त्याने प्रत्यक्ष पाहिलेल्या असतात. त्यांची नवी नावे तेवढी त्यास शिकावयाची असतात. एवढे ध्यानी धरून पहिल्या वर्षी धीर सोडू नये.

खर्चाची चिंता खरी आहे. परंतु हा सातारा कर्मवीर भाऊराव पाटलांचा आहे. त्यांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज काढले आणि 'कमवा व शिका' या मार्गाने गरिबांच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडून दिले. अंगमेहनत आणि विद्या यांचे वैर नाही, हे या भूमीत कोणास नव्याने सांगावे लागू नये.

पदवी म्हणजे नोकरीची हमी, असेही कोणी मनात धरू नये. शासकीय जागा थोड्या असतात व उमेदवार पुष्कळ. ज्यास रोपवाटिका, बियाणे, माती-परीक्षण, प्रक्रिया उद्योग अथवा स्वतःची शेती यांत रस आहे, त्यास हे ज्ञान वाया जात नाही. केवळ कचेरीतील खुर्चीसाठी येणाऱ्याची मात्र निराशा होण्याचा संभव आहे.

कृषिदूत गावात आल्यावर

पदवीच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थी व विद्यार्थिनी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येतात. गावकरी त्यांना कृषिदूत व कृषिकन्या म्हणून ओळखतात. पुष्कळदा असे होते की, बीजप्रक्रियेचे एक प्रात्यक्षिक होते, छायाचित्र निघते, नोंदवहीवर सही होते आणि दोन्ही बाजू मोकळ्या होतात. ही उभयपक्षी हानी आहे. विद्यार्थ्याची शिकण्याची संधी जाते, आणि गावाच्या दारी चालून आलेले शास्त्र तसेच परत जाते. कार्यकर्त्यांनी पुढाकार घेऊन त्यांच्याकडून पुढील कामे करवून घ्यावीत :

१. मातीचे नमुने. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा, सुमारे वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या बाजूची माती काढावी, ती एकत्र मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत आणि असे करीत अर्धा किलो माती ठेवावी. खताचा ढीग, बांध, झाडाखालची व पाण्याच्या पाटाजवळची जागा टाळावी. क्षारपडीचा संशय असल्यास खालच्या थराचा नमुना वेगळा घ्यावा.

२. विहिरींच्या पाण्याची नोंद. ऊसपट्ट्यातील निवडक विहिरींची पाण्याची पातळी पावसाळ्यापूर्वी व नंतर मोजून वहीत ठेवावी. पातळी वर्षानुवर्षे वर येत असेल, तर पांढरा थर दिसण्यापूर्वीच सावध होता येते.

३. उगवण चाचणी. घरच्या बियाण्याचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ठेवावेत व उगवलेले मोजावेत. सत्तर उगवले, तर उगवण सत्तर टक्के. त्यावरून बियाण्याचे प्रमाण ठरवावे.

४. चार पट्ट्यांची तुलना. वर सांगितलेल्या रीतीने एका शेतकऱ्याच्या रानात एक छोटा प्रयोग मांडावा आणि त्याचा निकाल, अनुकूल असो वा प्रतिकूल, गावासमोर वाचून दाखवावा.

शेतकऱ्याचा प्रश्न विद्यापीठापर्यंत

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. संशोधनाचे विषय केवळ विद्यापीठातच ठरावेत असा नियम नाही. चारही कृषी विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांची संयुक्त संशोधन समिती दरवर्षी बसते. नवे वाण, अवजारे व शिफारशी तिच्यापुढे छाननीसाठी येतात. तेथे शिवारातील प्रश्न मांडला जावा, यासाठी तो नीट लिहून पुढे गेला पाहिजे. "ऊस वाळतो, काहीतरी करा," एवढ्याने शास्त्रज्ञास काही उमगत नाही. जात कोणती, लागणीची तारीख, जमिनीचा प्रकार, पाण्याच्या पाळ्या, खताची मात्रा, लक्षण प्रथम कधी व शेताच्या कोणत्या बाजूस दिसले, शेजारच्या रानात काय स्थिती आहे, एवढे लिहून रोगट झाडाच्या नमुन्यासह जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्यावे. प्रश्न असा मांडला म्हणजे अर्धे उत्तर त्यातच मिळते.

आरंभी घेतलेल्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. नांगर धरण्यास विद्यापीठ लागत नाही, हे खरे. परंतु कोणत्या जमिनीत किती खोल नांगरावे, पाणी कधी तोडावे, फवारणी कधी टाळावी, शेजाऱ्याच्या नव्या बेण्यावर विश्वास ठेवावा की नाही, या प्रश्नांची किंमत आज एका हंगामाच्या नव्हे तर एका पिढीच्या जमिनीत मोजली जाते. घरातील एका तरी मुलाने वा मुलीने हे शास्त्र शिकावे, ज्यांना जाणे शक्य नाही त्यांनी जवळच्या संशोधन केंद्राची पायरी वर्षातून एकदा तरी चढावी आणि कार्यकर्त्यांनी गावातील चार शेतकऱ्यांना बरोबर घेऊन ती वाट दाखवावी. जाताना आपल्या रानातील अर्धा किलो माती व आपला एक प्रश्न बरोबर न्यावा.